मांडीवर काय आहे

चेहरे मला दाखवत नाहीत.
फोटो हनुवटीपासून खाली येतो,
नंबरप्लेट पुसलेली.
माझ्या वाट्याला मांड्या, हात,
स्टिअरिंगचा खालचा अर्धा चंद्र
आणि कोपऱ्यात वेळ : ०६.१२.४४.

डबोच्या अलीकडे, हायवेवर, खांबावरचा कॅमेरा
काचेतून सरळ खाली बघतो,
विहिरीत डोकावावं तसा.
आधी मशीन चाळतं. संशय आला की माझ्याकडे ढकलतं.
मी तीन बटणांची मालकीण :
हो. नाही. सांगता येत नाही.

मशीनला प्रत्येक काळा आयत फोनच वाटतो.
हे पाकीट आहे रे, त्याला सांगावं लागतं.
हा चष्म्याचा डबा.
हे बायबल, चेन लावलेलं.
आणि हे, थांब, मोठं करू दे,
हे कासव.
लांब मानेचं, जिवंत, रस्त्यावरून उचललेलं असणार,
टॉवेलात गुंडाळलेलं, आणि वर एक हात,
कुंपणाच्या तारा ओढून ओढून सोलवटलेला,
असा ठेवलेला, की पाठीला भार होऊ नये.
नाही, मी दाबलं. नाही, नाही.
(एकदाच दाबायचं असतं.)

बाकी जे दिसतं ते माझ्या कक्षेत नाही.
अंगठी काढून ॲशट्रेमध्ये ठेवणारी बोटं.
गिअरवरच्या हातावर दुसरा हात.
एका बाईचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नियमाप्रमाणे,
आणि जीन्सवर गडद ठिपके.
चहा असेल.
रडायला दंड नाही.

पबमध्ये लोक चिडतात : सरकार आता आमच्या मांडीत बघतं!
मी काय करते विचारलं तर सांगते, डेटाचं काम.
डर्मट, माझ्या शेजारच्या टेबलावरचा, सांगून टाकतो,
त्याला कुणी बिअर पाजत नाही.

ब्रेंट गेला तेव्हाही कायदा होताच.
पाट्या होत्या, दंड होता,
शाळेत पोलीस येऊन फिल्म दाखवून गेला होता,
ब्रेंट मागच्या बाकावर झोपला होता म्हणे.
मी विचारलं, कुत्र्याच्या जंताच्या गोळ्या घेतल्यास का.
तो म्हणाला, घेतल्या, थांब, इथेच
एकोणीस सेकंद. बिलावर आहेत.

चौकशीत विचारलं : तो गाडी चालवतोय हे तुम्हाला ठाऊक होतं?
हो, म्हटलं. इंडिकेटर ऐकू येत होता.
टक टक टक टक.
त्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं,
आभार मानले,
पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.
बस्स, एवढंच.
फोन उचलणाऱ्यासाठी कलम आहे.
लावणाऱ्यासाठी नाही.
मी ते पुस्तक शोधून शोधून वाचलंय, पोटकलमांसकट.

आज दुपारी, १५.४१.०७.
जुनी यूट. पोराचे गुडघे, फुटबॉलचा चिखल सुकलेला.
दोन्ही हात वर, अगदी शिकवल्यासारखे,
आणि मांडीवर फोन, पेटलेला.
वाजतोय. उचललेला नाही.
स्क्रीनवरची अक्षरं मोठी करायची नाहीत
असं प्रशिक्षणात बजावलंय.
केली.
तीन अक्षरांत मावणारी, आई.

उचलला नाहीस, शाब्बास.
पण मांडीवर ठेवणं म्हणजेही वापरणं,
नियम तोंडपाठ आहे मला.
हाताखालचा कॉफीचा कप गार झाला.
डर्मटने विचारलं, अडलंय का काही?
सांगता येत नाही, हे बटण किती जवळ आहे,
करंगळीने सुद्धा पोचतं.

हो.

आता पत्र जाईल गाडीच्या मालकाच्या नावे.
एवढ्या जुन्या गाड्या
बहुधा आईच्याच नावावर असतात.
पाकीट तीच फोडेल, उभ्या उभ्या, पत्रपेटीजवळ.
तारीख बघेल. वेळ बघेल.
आपण तेव्हा काय विचारायला फोन केला होता
ते आठवत बसेल.